इर्माबाईंचे कप

पहिल्याच नादस्नानात मी घोरलो हे मला मान्य आहे, पण ते सगळ्यांसमोर जाहीर करण्याची काही गरज नव्हती. स्नान घालणाऱ्या बाईंचं नाव सेज. (हे त्यांनी स्वतःच ठेवून घेतलेलं नाव. त्यांच्या गाडीत पडलेल्या विम्याच्या कागदावर डेनिस होतं. जन्मभर विमा कंपनीत लोकांचं नुकसान तपासण्याची नोकरी केल्यामुळे असल्या कागदांकडे माझी नजर आपोआप जाते, त्याला माझा इलाज नाही.) तर या सेजबाईंनी शेवटी डोळे मिटून, छातीवर हात ठेवून सांगितलं, "आज आपल्यापैकी एकाचं शरीर फार मोठ्याने मोकळं झालं." त्याबरोबर सतरंज्यांवर आडवी पडलेली सगळी माणसं कोपरावर उठून माझ्याकडे बघायला लागली. मी बूट शोधण्याच्या निमित्ताने खाली वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.

नादस्नान म्हणजे इकडे ज्याला साउंड बाथ म्हणतात ते. त्यात पाण्याचा थेंबही नसतो. हे मला तिथे गेल्यावर कळलं, तोवर मी टॉवेल आणि पोहण्याची चड्डी घेऊन पोचलो होतो. आपण नुसतं पडून राहायचं आणि सेजबाईंनी काचेच्या वाट्या, घंटा आणि शेवटी एक भलामोठा गाँग, म्हणजे धातूची टांगती तबकडी, वाजवायचा. त्याची कंपनं म्हणे अंगातून जातात आणि मनातल्या गाठी सोडतात. आमच्या ॲरिझोनात चौकाचौकात कोणी ना कोणी तुमच्या गाठी सोडायला बसलेलं असतं, त्यामुळे मी आजवर त्या वाटेला गेलो नव्हतो. पण माझी मुलगी जोलीन हिने वाढदिवसाची भेट म्हणून मिनेसोटात बसल्या बसल्या परस्पर माझं नाव घालून टाकलं होतं.

"बाबा, तूच म्हणालास ना फोनवर, झोप लागत नाही म्हणून?"

"मी म्हणालो, फ्रिज फार आवाज करतो."

"फ्रिज आईच्या वेळेपासून तोच आहे, बाबा."

यावर मी तिकडच्या हवामानाची चौकशी केली.

खरं सांगायचं तर मी घोरलो ते कंटाळून नव्हे. गाँग वाजला तेव्हा पाठीखालची फळी थरथरली आणि मला वाटलं, घरात कोणीतरी चालतंय. ही गोष्ट सेजबाईंना कळणार नाही, पण आमच्या पार्कातल्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या वसाहतीतल्या, कोणालाही कळेल. आमची घरं कारखान्यात तयार होतात, दोन तुकड्यांत चाकांवर येतात आणि लोखंडी तुळयांवर जोडून ठेवली जातात. खाली सगळं पोकळ. एका टोकाला माणूस चालला की दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसलेल्याला तळपायातून कळतं. माझी बायको ऑड्री न्हाणीघरातून स्वयंपाकघरात निघाली की कपाटातले तिचे काचेचे पेले किणकिणायला लागायचे आणि मी पेपरातून डोकं न काढता म्हणायचो, "हळू चाल, काचा फुटतील." एकही काच फुटली नाही. ऑड्रीला जाऊन दोन हिवाळे झाले, पेले जिथल्या तिथे आहेत. आता घरात चालणारा मी एकटाच, आणि आपण स्वतः चालत असताना पेले काही ऐकू येत नाहीत.

तेव्हा सेजबाई ऑरेगनला बिऱ्हाड हलवताहेत आणि गाँग त्यांच्या गाडीत मावत नाही असं कळल्यावर मी तो विकत घेतला. झोपेच्या गोळ्यांपेक्षा बरा, असा माझा हिशेब. आणायला हार्लन फॉसची मालवाहू गाडी मागितली. हार्लन माझ्या मागच्या गल्लीत राहतो. तो उभा जन्म सांडपाण्याच्या टाक्या बांधणारा इंजिनिअर होता आणि कोणताही विषय तो दोन वाक्यांत टाकीपर्यंत नेतो. गाँग मागे घोंगडीत गुंडाळून ठेवला होता, पण आमच्या पार्कात दर चार घरांमागे एक गतिरोधक आहे. प्रत्येक गतिरोधकावर 'ढम्म्म' असा गंभीर आवाज निघे आणि दोन्ही बाजूंच्या घरांची दारं उघडत. मी पुढे ताठ बसून समोर बघत होतो. आमची वरात घरापाशी पोचली तेव्हा मागे चार गोल्फ कार्ट लागल्या होत्या.

"ही एवढी परात कशाला आणलीस?" बर्निस कोवाल्केने विचारलं. बर्निस म्हणजे पार्कातल्या सगळ्या बातम्यांचं माहेर.

"परात नाही. गाँग आहे. उपचाराचं साधन आहे."

"तांब्याची आहे का? संधिवाताला तांबं चांगलं."

"लिंबू आणि मीठ लावून घास," आणखी कोणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून माझ्याशिवाय कोणीही त्या वस्तूला गाँग म्हटलेलं नाही.

टांगायचा कुठे यावर बराच खल झाला. सेजबाईंचा लाकडी घोडा हार्लनला पसंत पडला नाही. "टाकीचं झाकण असो नाहीतर तुझी परात, वजन नेहमी खांबावर द्यावं," असं म्हणून त्याने माझ्या पडवीच्या कडेचा लोखंडी खांब निवडला. वास्तविक तो खांब नुसता माझा नव्हता. माझ्या पडवीचं पत्र्याचं छप्पर आणि शेजारच्या इर्मा लुंडग्रेनबाईंचं छप्पर, दोन्ही त्याच एका खांबावर टेकलेली आहेत. पण खांब कोणाचा हा प्रश्न त्या वेळी कोणाच्या डोक्यात आला नाही. मी जन्मभर पैसे घेऊन लोकांना हेच प्रश्न विचारत आलो, आणि स्वतःच्या घरी मात्र शिडी धरून उभा राहिलो.

सगळे गेल्यावर मी गाँग वाजवला आणि पडवीतून आत जाऊन दिवाणखान्यात जमिनीवर पडायला निघालो. मी एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग तळहात, मग कुशीवर वळून पाठ टेकली. तोवर नाद विरून गेला होता. पुन्हा उठलो, पुन्हा वाजवला, घाईने पडायला गेलो आणि कमरेत उसण भरली. म्हणजे वाजवायला एक माणूस लागतो आणि पडायला दुसरा. तिथे छताकडे बघत मी स्वतःशी कबूल केलं की मला झोप नको होती, माणसं हवी होती. या घरात कोणाची तरी पावलं वाजायला हवी होती.

मग मी कपडे धुण्याच्या खोलीत चिठ्ठी लावली, की गुरुवारी दुपारी माझ्या घरी नादस्नान, सर्वांचं स्वागत, टॉवेल आणू नये. गुरुवारी सकाळपासून मी तीनदा झाडू मारला आणि लिंबाच्या वड्यांचं एक ताट आणून ठेवलं. कोणी येणार नाही याची मनाची तयारीही करून ठेवली होती. पण सातजण आले. हार्लन आपण टांगलेली परात पडते का ते बघायला आला आणि बर्निसला वड्यांचा पत्ता लागला होता. बाकीचे या दोघांना जाताना बघून आले.

सात म्हाताऱ्या माणसांना जमिनीवर आडवं करणं हे काय काम आहे ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. एकाला निजवावं तर दुसऱ्याला बाथरूम आठवे. शेवटी सगळे एकदाचे पडले आणि मी गाँग वाजवायची मोगरी उचलली, एवढ्यात बर्निस म्हणाली, "थांब थांब, हे काढून ठेवते. आडवं पडलं की टोचतं." तिने कानातली यंत्रं काढली. ते बघून हार्लननेही काढली, आणि मग सगळ्यांनीच. मी स्वयंपाकघरातून एक वाडगा आणून फिरवला, त्यात सगळ्यांनी आपापले कान टाकले. म्हणजे नादस्नानाला जमलेल्या मंडळींपैकी एकालाही आता नाद ऐकू येणार नव्हता. हे सांगायचं तरी कोणाला? सगळे डोळे मिटून पडलेले.

मी वाजवला. आणि काय सांगू, घरच वाजलं. खांबातून छपरात, छपरातून भिंतीत, भिंतीतून त्या पोकळ जमिनीत सगळं गेलं आणि सातही जणांच्या पाठीला एकदम जाऊन भिडलं. "अगं बाई!" बर्निस ओरडली, कान काढलेली माणसं ओरडतात तितक्या मोठ्याने. मी वाजवत राहिलो. थोड्या वेळाने उघड्या दारातून बघतो तो हार्लनच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. नंतर त्याने ऑलिव्हच्या परागांची ॲलर्जी असल्याचं सांगितलं. सात माणसं माझ्या जमिनीवर शांत पडली होती आणि उभा असलेला मी एकटाच. वाजवणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही, हे सेजबाईंनी मला सांगायला हवं होतं. तरी मला बरं वाटलं, घर भरलेलं होतं.

घोटाळा उठताना झाला. वाडग्यातली चौदा यंत्रं सगळी एकाच रंगाची, सगळी एकाच आकाराची, आणि चष्मे कोणीच घातलेले नव्हते. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने कानात घातलं. वर कोणाला शंकाही आली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून पार्कात बातमी पसरली की वेंडल होफरच्या, म्हणजे माझ्या, परातीने कान सुधारतात. "मला सकाळी पारव्यांचं गुटुर्गू ऐकू आलं," हार्लन सांगत सुटला. बर्निसचं म्हणणं, सगळं जग कसं शांत झालंय, नवऱ्याचा आवाजसुद्धा लांबून येतो. लोक मला रस्त्यात थांबवून हात मिळवायला लागले. मी "ते काय, कंपनांचं काम आहे" असं म्हणून पुढे जायला लागलो. हे सुख सोमवारपर्यंत टिकलं.

सोमवारी क्लबघरात बिंगो असतो. हल्लीची ही यंत्रं ज्याच्या त्याच्या फोनला जोडलेली असतात, फोन आला की बोलणं थेट कानात. बर्निसच्या पर्समधला फोन थरथरला, तिने तो घेतला आणि "हॅलो, हॅलो" म्हणत बसली. तिला काही ऐकू येईना. येणार कसं? तिची बहीण बोलत होती ती शेजारच्या खुर्चीतल्या हार्लनच्या डोक्यात. हार्लन आकडे लावता लावता एकदम उभा राहिला.

"कोण म्हणालं मला गटारवाला?"

आकडे पुकारणारीसुद्धा थांबली.

"आणि हे जेवायला बसल्यावर टाकीबद्दल बोलतो ते काय! तुम्ही जेवता ते जातं कुठे शेवटी? आं?" तो छताकडे बघून विचारत होता. बर्निसने फोनकडे बघितलं, हार्लनच्या कानाकडे बघितलं आणि पर्स उचलून घरी गेली. संध्याकाळपर्यंत सातही जणांच्या कानांची अदलाबदल उलगडली, माझी कीर्ती ओसरली आणि हार्लनने बर्निसशी बोलणं टाकलं. पण गंमत अशी की पुढच्या गुरुवारी दोघंही आली. एकमेकांकडे पाठ करून पडली, पण आली. आणि झालेला प्रकार ऐकून आणखी बरीच जणं आली. या वेळी मी प्रत्येकाला स्वतंत्र वाटी दिली.

एवढ्या गोल्फ कार्ट गल्लीत उभ्या राहिल्यावर कचऱ्याची गाडी अडली, आणि कचऱ्याची गाडी अडली की पार्कच्या व्यवस्थापिका ट्विला बॅस्कम जाग्या होतात. त्या हातात नियमांची चोपडी घेऊनच आल्या.

"मिस्टर होफर, अठरा इंचांपेक्षा मोठा वाऱ्यावरचा घुंगरू इथे चालत नाही."

"हा घुंगरू नाही."

"धातूचा आहे, टांगलेला आहे, वाजतो. नियमात एवढंच म्हटलंय."

"पण हा वाऱ्यावर वाजत नाही."

"ते तपासावं लागेल," असं म्हणून त्यांनी माळ्याला बोलावलं. माळी वाळकी पानं उडवायचं यंत्र पाठीला लावून आला आणि त्यांनी ते माझ्या गाँगवर सोडायला लावलं. गाँग ढिम्म. माझे पडदे, पेपर आणि पायपुसणं मात्र इर्माबाईंच्या अंगणात गेलं. ट्विलाबाईंनी चोपडीच्या समासात काहीतरी लिहिलं. मग जाता जाता म्हणाल्या, "शिवाय तुमच्याविरुद्ध तक्रारही आलेली आहे. शेजारून. आवाजाची."

"शेजारून म्हणजे?"

"इर्मा लुंडग्रेन."

मी हसलोच. पार्कातलं शेंबडं पोर, म्हणजे साठीतला माणूससुद्धा तुम्हाला सांगेल की इर्माबाईंना शष्प ऐकू येत नाही. कानात यंत्रही घालत नाहीत. का घालत नाही असं बर्निसने एकदा लिहून विचारलं, तर म्हणाल्या, "ऐकण्यासारखं बोलतं कोण इथे?" अशा बाईंनी आवाजाची तक्रार करावी म्हणजे हा निव्वळ खवटपणा झाला. सगळ्या आयुष्यात कोणी माझ्याविरुद्ध तक्रार केलेली नव्हती. आणि आत्ता कुठे घरात चार माणसं यायला लागली होती, ती या बाई बंद करणार! मला इतका राग आला की मी कपडे बदलले, टाय लावला, जुनी चामडी बॅग काढली आणि त्यांचं दार वाजवलं. ते अर्थातच त्यांना ऐकू आलं नाही. मग खिडकीसमोर उभा राहून हात हलवले.

इर्माबाईंनी दार अर्धं उघडलं. पंच्याऐंशीच्या आहेत, पण दारभर वाटतात.

"मॅडम, तुमचं काय नुकसान झालंय ते दाखवा," मी ओठ ताणून ताणून म्हणालो.

"काय?"

"नुकसान! फुटलं काय?"

"कप हलतात."

"फुटले का?"

"हलतात म्हटलं ना."

"नुसत्या हलण्याला नुकसान म्हणत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे, टायकडे आणि बॅगेकडे बघितलं, "तुझं पायपुसणं घेऊन जा," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मी टाय लावलेल्या अवस्थेत पायपुसणं काखेत मारून परत आलो. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे किंचित हलले.

सुनावणी क्लबघरात झाली. एका टेबलाशी ट्विलाबाई, समोर मी, बाजूला इर्माबाई आणि मागे कामधंदा नसलेला सगळा पार्क, म्हणजे पार्कच. मी मुद्दे तयार करून गेलो होतो. ध्वनी म्हणजे काय, कंपन म्हणजे काय, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला आवाजाचा त्रास होऊ शकतो का.

"मिसेस लुंडग्रेन!" ट्विलाबाई ओरडल्या. "तुमची! तक्रार! काय आहे?"

"ओरडू नकोस गं, ट्विला. मला ओठ कळतात. थुंकी उडते नुसती." इर्माबाई उठून उभ्या राहिल्या. "माझे कप हुकांना टांगलेत, स्वयंपाकघरात. आर्विडनेच हुक ठोकले. तो केवढा होता तुम्हाला माहीत आहे."

मागून माना हलल्या. त्यांच्या नवऱ्याला, आर्विड लुंडग्रेनला, मीही ओळखत होतो. दारातून तिरपा होऊन आत यायचा.

"मला कधीचं ऐकू येत नाही. तो घरात आलेला मला ऐकू यायचा नाही. मी ओट्याशी, दाराकडे पाठ. पण त्याने पायरीवर पाय ठेवला की कप हलायचे. कप हलले की मी कॉफी ओतायची, दोन कप. मागे वळून बघायची गरज नव्हती. तो गेल्यापासून त्या घरात मी हलवल्याशिवाय काही हललेलं नाही. आणि मग एका गुरुवारी माझे कप हलले."

कोणाच्या तरी खुर्चीचा पाय वाजला.

"मी दोन कपांत कॉफी ओतली. मग वळले तर कोणी नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मला वेड लागलेलं नाही, आर्विडला पुरून आलेय मी. पण हात ऐकत नाही, दोन कप काढतो."

माझे मुद्दे माझ्या खिशातच राहिले. कोणाचं काय मोडलं हे ठरवायची नोकरी केली जन्मभर, आणि दारात उभं राहून मी त्या बाईला विचारलं होतं, फुटलं काय म्हणून. मी उभा राहिलो. "बंद करतो मी," म्हणालो. "आजच उतरवतो."

"बंद कर कोण म्हणालं तुला?" इर्माबाई माझ्या ओठांकडे बघत म्हणाल्या. "माझी तक्रार वेळेची आहे. भर दुपारी आर्विड कधी घरी आला नाही. संध्याकाळी यायचा, जेवायच्या आधी. दुपारी कप हलले की माझं डोकं फिरतं, अख्खा दिवस बिघडतो. यायचंच असेल तर वेळेवर ये म्हणावं."

एवढं बोलून त्या बसल्या. ट्विलाबाईंनी चोपडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. अशा तक्रारीला नियम नव्हता. शेवटी नाक शिंकरून त्यांनी निकाल दिला तो असा, की गल्ली अडते म्हणून घरात गर्दी जमवून नादस्नान बंद. मात्र गाँग घुंगरू असल्याचं सिद्ध न झाल्याने आणि तो दाराजवळ असल्याने त्याची नोंद दाराची घंटा म्हणून करता येईल. दाराच्या घंटेला मापाची अट नाही. एका वेळी एकदाच वाजवावी.

अशा रीतीने संपूर्ण ॲरिझोनात सगळ्यात मोठी दारघंटा माझ्या घराला आहे, आणि ती वाजवायला कोणी येत नाही. गुरुवार बंद झाला. हार्लन आणि बर्निसचं बोलणं पुन्हा सुरू झालं आणि ती दोघं बिंगोला एकत्र बसायला लागली. रस्त्यात भेटलं की म्हणायची, "वेंडल, तुझी परात छान होती हं." होती. वड्यांचं अर्धं ताट मी फ्रिजरमध्ये टाकलं.

मी मात्र रोज संध्याकाळी, ऊन भिंतीवरून उतरलं की, पडवीत जाऊन एकदा वाजवायचो. जोराने नाही, आर्विडचा पाय पडेल तेवढ्यानेच. हे ठरवायला मला तीन-चार दिवस लागले. मध्ये जाळी आहे आणि जाळीपलीकडे इर्माबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी. त्या पाठमोऱ्या ओट्याशी उभ्या असायच्या. मी वाजवायचो, त्यांचा हात वर जायचा आणि दोन कप खाली यायचे. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. बघू नये अशीच माझी इच्छा होती. मग मी आत जाऊन डबा गरम करायचो. म्हणजे हिशेबाने बघितलं तर मी रोज संध्याकाळी एका घरी वेळेवर पोचत होतो, फक्त कॉफी मला मिळत नव्हती. जोलीन फोनवर विचारायची, "बाबा, झोप लागते का?" मी म्हणायचो, "संध्याकाळी जरा काम असतं, त्यामुळे बरं जातं." ते खरंही होतं. पण रात्री फ्रिज होताच.

फेब्रुवारीत मला ताप आला. पार्कात सगळ्यांनाच आला होता. दिवसभर खुर्चीत घोंगडी घेऊन पडलो होतो, आणि ऊन भिंतीवरून कधी उतरलं ते मला कळलंच नाही. जाग आली तेव्हा खिडकी राखाडी झाली होती. वाजवायचं राहिलं, हे एकदम आठवलं. मी उठायला गेलो, पण उभं राहवेना. पुन्हा बसलो. मला रडायला आलं, हे सांगायला लाज कसली. जगात एकच माणूस माझी वाट बघत होतं, तेही माझी नव्हे, आणि तिथेही मी पोचलो नव्हतो.

तेवढ्यात पडवीत असा काही दणका बसला की घोंगडी अंगावरून घसरली. तो मोगरीचा आवाज नव्हता, चपलेचा होता. नाद अजून भिंतीतून फिरत असताना दार उघडलं आणि इर्माबाई आत आल्या. एका हातात सपात, दुसऱ्या हातात कॉफीचं भांडं, गाउनच्या दोन खिशांत दोन कप.

"कुठे मेला होतास?"

"ताप आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग कपाळावर उलटा हात ठेवला. "आहे खरा. मग सांगायचं नाही? कॉफी गार झाली सगळी. दोघांची." सपात खाली टाकून त्यांनी पायात घातली आणि भांडं घेऊन सरळ माझ्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. इर्माबाई काही हलक्या नाहीत. पहिल्या पावलाला जमीन दबली. दुसऱ्या पावलाला माझ्या तळपायांना कळलं. तिसऱ्या पावलाला कपाटात ऑड्रीचे पेले किणकिणायला लागले.

"हळू चाला" हे सवयीने माझ्या ओठांवर आलं होतं.

"काही म्हणालास?" त्यांनी वळून विचारलं.

"साखर," मी म्हणालो. "साखर त्या टोकाच्या कपाटात असेल बघा."

साखर त्यांच्या समोरच, ओट्यावर होती. इर्माबाई त्या टोकाला गेल्या, तिथून पलीकडच्या कपाटाशी गेल्या, मला शिव्या देत परत फिरल्या. मी डोळे मिटून घेतले आणि ऐकत बसलो.